रसायन कुठपर्यंत पोहोचते, ते आधी पाहा

प्रश्न : मी कराडजवळच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते. आमची डिझेल मोटार २०१७ सालची, १,२४८ सीसीची असून आजवर १,१२,००० किलोमीटर चालली आहे. रोजचे जाणे एका बाजूने ६ किलोमीटर, आणि महिन्यातून एखादी पुण्याची फेरी, एवढाच तिचा वापर आहे. गेल्या सहा महिन्यांत पिकअप कमी झाला आहे, पुण्याहून परतताना खंबाटकीचा घाट चढू लागले की मागे काळा धूर दिसतो आणि लिटरला २१ मिळणारे अ‍ॅव्हरेज १७ वर आले आहे. सर्व्हिस सेंटरने ‘डिकार्बनायझिंग’, म्हणजे इंजिनात साचलेली काजळी काढणे, सुचवले असून, इंजिन चालू ठेवून हवेच्या पाइपातून रसायन सोडण्याचे ४,५०० रुपये सांगितले आहेत. माझे दीर म्हणतात, की टाकीत ओतायची बाटली आणली तरी तेच काम होते. गावातले मेस्त्री म्हणतात, की मॅनिफोल्ड (सिलिंडरांना हवा वाटून देणारी नळी) आणि ईजीआर (धुराचा काही भाग परत हवेत सोडणारी झडप) खोलून रात्रभर कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात ठेवू आणि ऑइलमध्ये अर्धा लिटर रॉकेल घालून इंजिन आतून धुऊन काढू. डॅशबोर्डवर कोणताही दिवा लागलेला नाही. यांपैकी कोणाचे ऐकावे?

उत्तर : सप्रेम नमस्कार. आपण गाडीचे वर्ष, किलोमीटर, रोजचे अंतर आणि धूर नेमका कधी दिसतो हे सगळे लिहिलेत, त्यामुळे उत्तर देणे पुष्कळ सोपे झाले. आपल्या मेस्त्रींचे निम्मे म्हणणे मला पटते आणि निम्म्यापासून आपण गाडीला वाचवावे असे वाटते. मॅनिफोल्ड आणि ईजीआर खोलून धुण्याचा त्यांचा विचार बरोबर आहे. कॉस्टिक सोडा आणि रॉकेल मात्र दोन्ही नकोत. सर्व्हिस सेंटरचा उपाय आपल्या गाडीपुरता मी सुचवणार नाही, आणि दिरांची बाटली निरुपद्रवी असली तरी ती ज्या जागी जाते त्या जागी आपला मुख्य त्रास असण्याची शक्यता कमी आहे.

हे सगळे ज्या एका गोष्टीवर ठरते ती अशी, की काजळी साफ करणारे कोणतेही रसायन जिथे प्रत्यक्ष पोहोचते आणि पुरेसा वेळ टिकते तिथेच काम करते. टाकीत ओतलेले रसायन डिझेलच्या वाटेने जाते, म्हणजे टाकी, फिल्टर, पंप, इंजेक्टर (डिझेल सिलिंडरात फवारणारे तोंड) आणि तिथून पिस्टनच्या माथ्यावर. हवेच्या पाइपात सोडलेले रसायन हवेच्या वाटेने जाते आणि ऑइलमध्ये घातलेले ऑइलच्या वाटेने. या तीन वाटा इंजिनात वेगवेगळ्या आहेत आणि त्यांत साचणारी घाणही तीन प्रकारची आहे. म्हणून ‘कोणते रसायन चांगले’ या प्रश्नाच्या आधी ‘काजळी कोणत्या वाटेवर आहे’ हा प्रश्न येतो आणि त्याच्याही आधी ‘हा त्रास काजळीचाच आहे का’ हा.

काळा धूर म्हणजे सिलिंडरात गेलेल्या डिझेलला जळायला हवा अपुरी पडली, एवढेच. हवा कमी पडण्याची कारणे अनेक असतात आणि त्यांतली काही अगदी किरकोळ खर्चात सुटतात. ती न तपासता कार्बनवर खर्च करणे म्हणजे ताप का आला हे न पाहता औषध घेणे होय. एअर फिल्टर आधी उघडून पाहा. कराड-सातारा भागात उसाच्या हंगामात रस्त्यावर उडणारी माती आणि भुसा पाहता, पुस्तिकेत लिहिलेल्या अंतराआधीच तो भरून जातो. त्यानंतर टर्बोपासून (हवा दाबून आत भरणारा पंखा) इंटरकूलरपर्यंत (ती हवा थंड करणारी जाळी) आणि तिथून इंजिनापर्यंत जाणारे रबरी होज पाइप हाताने दाबून, वाकवून पाहायला सांगा. या पाइपांना बारीक चीर गेली, की सपाट रस्त्यावर फारसे काही जाणवत नाही, पण घाटात टर्बोचा दाब वाढला की ती चीर उघडते, हवा बाहेर निसटते आणि नेमका आपण वर्णन केलेला त्रास होतो: चढावर पिकअप नाही आणि मागे काळा धूर. अशा चिरेभोवती बहुधा ऑइलचा काळसर ओलावा दिसतो. हा दोष एका पाइपाच्या किमतीत सुटतो आणि त्याला कोणतेही रसायन लागत नाही.

हे झाल्यावर स्कॅनर, म्हणजे गाडीच्या संगणकातले आकडे वाचणारे यंत्र, लावून घ्या. दिवा लागलेला नाही याचा अर्थ सगळे ठीक आहे असा होत नाही. संगणकाने ठरवलेली मर्यादा अजून ओलांडली गेली नाही, एवढाच होतो. मेकॅनिकला नुसते ‘कोड आहे का’ असे विचारू नका. इंजिन गरम असताना, आणि शक्य असल्यास चढावर गाडी चालवत असताना, आत येणाऱ्या हवेचे मोजमाप किती दिसते, टर्बोचा दाब मागितलेल्या दाबाइतका भरतो का, ईजीआर व्हॉल्व्हला बंद होण्याचा आदेश मिळाल्यावर तो खरोखर बंद होतो का आणि चारही इंजेक्टरांची दुरुस्ती-मूल्ये (संगणक प्रत्येकाचे डिझेल किती कमी-जास्त करतो ते) एकमेकांच्या जवळपास आहेत का, हे चार आकडे कागदावर लिहून घ्या. हा कागद पुढे आपल्या उपयोगी पडणार आहे.

यांतला ईजीआरचा आकडा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि त्याचे कारण आपल्या गाडीच्या दिनक्रमात आहे. ईजीआर ही व्यवस्था इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराचा काही भाग परत हवेच्या वाटेत आणून सोडते. त्यामुळे जळण्याचे तापमान उतरते आणि नायट्रोजनची विषारी ऑक्साइडे कमी तयार होतात. भारत स्टेज-४ हा गाड्यांच्या प्रदूषणाचा मानदंड १ एप्रिल २०१७ पासून देशभर लागू झाला आणि आपली गाडी त्याच पिढीची आहे. परत येणाऱ्या या धुरात कोरडी काजळी असते. त्याच वाटेवर इंजिनाच्या पोटातली ऑइलची वाफही ब्रीदरच्या पाइपातून येऊन मिळते. काजळी कोरडी राहिली असती तर हवेबरोबर बरीचशी पुढे निघून गेली असती, पण ऑइलची वाफ तिला चिकटवते आणि मॅनिफोल्डच्या आतल्या भिंतींवर डांबरासारखा थर चढू लागतो. इंजिन पूर्ण गरम असेल तर हा थर सावकाश वाढतो. सहा किलोमीटरच्या प्रवासात, विशेषतः हिवाळ्याच्या सकाळी, डिझेल इंजिन जेमतेम कोमट होते, तोवर आपण महाविद्यालयाच्या दारात पोहोचलेल्या असता. वर्षानुवर्षे हेच चालले असेल तर १,१२,००० किलोमीटरनंतर मॅनिफोल्डची वाट अरुंद झाली असणे आणि ईजीआरची झडप चिकटून अर्धवट उघडी राहत असणे, हे दोन्ही अगदी संभवते. घाटात पूर्ण जोर लागतो तेव्हा ही झडप बंद व्हायला हवी. ती उघडी राहिली तर ताज्या हवेच्या जागी धूरच आत जातो आणि खंबाटकीत आपल्याला मागच्या आरशात काळे दिसते.

आता तिन्ही उपायांकडे येऊ.

सर्व्हिस सेंटरचा उपाय, म्हणजे चालू इंजिनाच्या हवेच्या पाइपात रसायन सोडणे, निदान हवेच्या वाटेवर तरी जातो. पण त्यात दोन अडचणी आहेत. पहिली रसायनशास्त्राची आहे. कार्बन स्वतः कोणत्याही नेहमीच्या द्रावकात विरघळत नाही. विरघळते ते त्याला धरून ठेवणारे ऑइल आणि डिंकासारखे चिकट पदार्थ. ते सैल झाले की काजळीचे कण सुटतात. यासाठी द्रावक त्या थरावर काही वेळ मुरावा लागतो आणि बहुतेक वेळा ब्रशही फिरवावा लागतो. चालू इंजिनात वाऱ्याबरोबर धावणारा फवारा वीस-तीस मिनिटांत वरचा ओलसर थर नेतो, पण खालचा भाजून घट्ट झालेला थर बहुधा तसाच राहतो. काम झाल्यावर गाडी दोन-तीन दिवस हलकी वाटते आणि मग पुन्हा मूळपदावर येते, असे सांगणारी पत्रे मला वारंवार येतात, त्याचे कारण हेच असावे.

दुसरी अडचण धोक्याची आहे आणि ती डिझेल इंजिनात अधिक आहे. डिझेल इंजिनात ठिणगी नसते; दाबाने तापलेल्या हवेत जे जळण्याजोगे येईल ते पेट घेते. संगणक इंजेक्टरमधून जाणारे डिझेल मोजतो, पण हवेच्या वाटेने आलेल्या ज्वलनशील फवाऱ्यावर त्याचा ताबा नसतो. प्रमाण थोडे चुकले तरी इंजिन जोरात ठोकू लागते आणि त्याचा वेग आपोआप वाढू शकतो. ईथर असलेला, इंजिन चालू करण्यासाठी वापरला जाणारा फवारा ग्लो प्लग (थंड इंजिन तापवणारी विजेची कांडी) असलेल्या इंजिनात मारू नये, असे सांगितले जाते ते याचमुळे. शिवाय थराचा एखादा घट्ट तुकडा एकदम सुटला, तर तो व्हॉल्व्ह आणि त्याची बैठक यांच्यात अडकू शकतो किंवा बाहेर पडताना टर्बोच्या पात्यांवर आदळू शकतो.

पातळ रसायन मॅनिफोल्डच्या खोलगट भागात साचून एकदम सिलिंडरात ओढले गेले तर काय होते, याचा हिशेब आपल्याच इंजिनावर करून पाहा. १,२४८ सीसीच्या चार सिलिंडरी इंजिनात एका सिलिंडरचे घनफळ ३१२ सीसी येते. दाबाचे प्रमाण (आत आलेली हवा किती पट दाबली जाते ते) १७ : १ धरले, तर पिस्टन अगदी वर आल्यावर उरणारी जागा साधारण २० मिलिलिटर, म्हणजे चहाचे चार चमचे. हवा तेवढ्या जागेत दाबून बसते, द्रव बसत नाही. त्याहून जास्त द्रव आत असेल तर पिस्टनला वर यायला जागाच राहत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. योग्य यंत्राने, अनुभवी हातांनी थेंबाथेंबाने सोडलेल्या रसायनाने असे होत नाही, हे मान्य. पण ज्या कामात चूक झाली तर इंजिन खोलावे लागते आणि चूक झाली नाही तरी लाभ अर्धवटच असतो, ते काम आपल्या गाडीवर कशासाठी करायचे?

याच सदरात काही वाचकांनी पाण्यापासून हायड्रोजन-ऑक्सिजनचा वायू तयार करून तो इंजिनाला देणाऱ्या यंत्राविषयी विचारले होते. तो वायू जळतो सिलिंडरात. त्याचा काही परिणाम होत असेल तर तो सिलिंडरातच होईल. ईजीआर आणि मॅनिफोल्ड यांच्यातून तो नुसता जातो, तिथे जळत नाही. कोणी हे काम सुचवले, तर लवचीक नळीचा कॅमेरा आत घालून आधीचे आणि नंतरचे छायाचित्र दाखवा, अशी मागणी करावी. चांगल्या गॅरेजला ती खटकणार नाही.

दिरांच्या बाटलीविषयी मी थोडे बरे बोलेन. टाकीत घालायच्या चांगल्या क्लीनरमध्ये साबणासारखे रेणू असतात: एक टोक घाणीला चिकटते, दुसरे इंधनात मिसळून राहते आणि घाण धरून नेते. पेट्रोलसाठीच्या उत्पादनांत पॉलिईथरअमाइन हे रसायन यासाठी नावाजलेले आहे. डिझेलसाठी वेगळी रसायने असतात, म्हणून बाटलीवर ‘डिझेल’ आणि ‘कॉमन रेल’ (आपल्या गाडीतली उच्च दाबाची इंधनव्यवस्था) असे स्पष्ट लिहिलेले असावे. इंजेक्टरच्या टोकाची छिद्रे ०.१ ते ०.२ मिलिमीटरच्या घरात असतात आणि त्यांच्या कडांना थोडी राख धरली तरी डिझेल धुक्यासारखे न उडता पिचकारीसारखे पडते. तिथे हे रसायन पोहोचते, त्याचा उपयोग होऊ शकतो. स्कॅनरच्या कागदावर इंजेक्टरांचे आकडे थोडे इकडे-तिकडे असतील, तर लेबलवरच्या प्रमाणात एक-दोन टाक्यांना ते घालून पाहायला माझी हरकत नाही. मात्र मॅनिफोल्डमधल्या डांबराला ते कधीही स्पर्श करणार नाही, कारण डिझेल त्या वाटेने जातच नाही. आणि बाटली महाग वाटते म्हणून टाकीत पेट्रोल, अ‍ॅसिटोन किंवा रॉकेल मिसळण्याचा घरगुती उपाय कोणी सांगितला, तर तो मुळीच करू नका. कॉमन रेलच्या पंपाला वंगण मिळते ते डिझेलमधूनच. डिझेल कोरडे पडले की पंपाचे भाग घासतात, धातूचा चुरा चारही इंजेक्टरांपर्यंत जातो आणि त्या दुरुस्तीचा खर्च साफसफाईच्या कितीतरी पट होतो.

आता आपल्या मेस्त्रींकडे वळतो, आणि त्यांच्याविषयी पूर्ण आदर ठेवून लिहितो, कारण त्यांचा हात ज्या काळात बसला त्या काळाचे हे शहाणपण आहे. १९७२ साली आलेल्या बजाज चेतकसारख्या टू-स्ट्रोक स्कूटरमध्ये पेट्रोलबरोबर ऑइलही जळत असे आणि काही हजार किलोमीटरांत सायलेन्सर कार्बनने गच्च भरे. मेस्त्री तो काढत, आगीत लाल होईपर्यंत तापवत आणि ठोकून राख झाडत. हेड, म्हणजे सिलिंडरवरचे झाकण, चार नटांवर सुटे, पिस्टनचा माथा खरवडून पुसला जाई. ‘डिकार्ब’ हा शब्द आपल्याकडे त्या हातकामातून रुळला. त्याच काळात बिडाच्या (ओतीव लोखंडाच्या) जड भागांची चिकट घाण काढायला कॉस्टिक सोड्याचे पिंप गॅरेजात असे. बीड ते सोसते, म्हणून ती पद्धत टिकली.

आपल्या गाडीचे हे भाग बिडाचे नाहीत. ईजीआरचे घर सहसा अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचे असते आणि मॅनिफोल्ड अ‍ॅल्युमिनियमचे किंवा प्लास्टिकचे. कॉस्टिक सोडा, म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइड, पाण्यात अ‍ॅल्युमिनियमला अक्षरशः खातो आणि त्यातून हायड्रोजन वायू बाहेर पडतो. रात्रभरात भाग काळवंडून निघेल, त्याच्या पॅकिंग बसायच्या सपाट कडा खडबडीत होतील, मग तिथून हवा गळेल. आणि बंद खोलीत पिंपावर जमलेला हायड्रोजन एका काडीने पेटेल. डोळ्यांत त्याचा एक थेंब उडाला तरी दृष्टीला कायमची इजा होऊ शकते. म्हणून त्यांना एवढेच सांगा, की खोलायचे तुम्हीच, पण सोडा नको.

खोलून धुण्याचे काम कसे व्हावे, हे जरा सविस्तर लिहितो, कारण आपण शेजारी उभ्या राहून पाहू शकता. इंजिन पूर्ण थंड असावे आणि बॅटरीची ऋण तार काढलेली असावी. ईजीआर सुटा केल्यावर त्याचा विजेचा भाग, म्हणजे मोटर आणि प्लगची बाजू, कधीही द्रवात बुडवू नये. झडपेच्या बाजूलाच ईजीआरसाठीचा किंवा कार्ब्युरेटरचा क्लीनर फवारून पाच-दहा मिनिटे मुरू द्यावा आणि मऊ ब्रशने, लाकडाच्या किंवा प्लास्टिकच्या पट्टीने थर उचलावा. स्क्रूड्रायव्हरने खरवडले तर झडपेची बैठक ओरखडते आणि ती पुन्हा नीट मिटत नाही. मॅनिफोल्ड पूर्ण काढून टेबलावर घ्यावे, रबरी सील आणि सेन्सर आधी काढावेत, मगच द्रावक वापरावे. अ‍ॅल्युमिनियमचे मॅनिफोल्ड असेल तर अ‍ॅल्युमिनियमला चालते असे लिहिलेल्या डिग्रीझरच्या (तेलकट घाण काढणारे रसायन) गरम पाण्यात ते ठेवता येते. प्लास्टिकचे असेल तर तीव्र द्रावक टाळून डिग्रीझर आणि ब्रश एवढ्यावरच भागवावे. हवेच्या दाबाचा सेन्सर मॅनिफोल्डवरच असतो आणि त्याच्या तोंडाशी काजळीचा बूच बसलेला असतो. तो हलक्या हाताने पुसला गेलाच पाहिजे, नाहीतर सगळे स्वच्छ होऊनही संगणकाला चुकीचा दाब कळत राहील.

हेडच्या तोंडाशी, व्हॉल्व्हच्या मागे जो थर असतो त्याला हात लावायचा की नाही, हे मेस्त्रींच्या सवयीवर सोडा. लावायचाच असेल, तर त्या सिलिंडरचे इनलेट व्हॉल्व्ह पूर्ण मिटलेले आहेत याची खात्री करून, एका वेळी एकच पोर्ट घेऊन, प्रत्येक तुकडा व्हॅक्यूमने ओढून काढावा. बाकीची तोंडे स्वच्छ फडक्याने बुजवलेली असावीत आणि किती फडकी घातली ती मोजून ठेवावीत. हे मी मुद्दाम लिहितो, कारण अनेक वर्षांपूर्वी एका गॅरेजात आत विसरलेल्या फडक्याने इंजिनाचे काय झाले ते मी स्वतः पाहिले आहे. ईजीआर कूलर जोडलेला असेल तर त्यात कूलंटची गळती नाही ना, तेही याच वेळी पाहून घ्यावे. बसवताना प्रत्येक पॅकिंग नवे घालावे. जुने पुसून पुन्हा बसवले तर वाचलेले दोन-चारशे रुपये हवेच्या गळतीत जातात. शेवटी स्कॅनरने ईजीआरची शून्य-स्थिती नव्याने शिकवावी, कारण घाणेरड्या झडपेची जी स्थिती संगणकाने ‘बंद’ म्हणून ध्यानात ठेवली असेल, ती आता बदललेली असते.

आपल्याकडे या कामात हातमोजे आणि चष्मा घालण्याची सवय कमी आहे, म्हणून आग्रहाने सांगतो. या फवाऱ्यांच्या वाफा हवेहून जड असतात आणि जमिनीलगत पसरतात. ज्या गॅरेजात गाडीखाली उतरण्यासाठी खड्डा आहे, तिथे त्या खड्ड्यात भरून राहतात. वर काम करणाऱ्याला वासही येत नाही आणि खाली उतरलेल्या मुलाला गरगरते, किंवा कोणी बिडी पेटवली तर भडका उडतो. काम उघड्यावर, सावलीत करावे. ब्रेक क्लीनर हाताशी आहे म्हणून तो वापरला जातो, पण क्लोरिनयुक्त प्रकारच्या ब्रेक क्लीनरची वाफ वेल्डिंगच्या ज्योतीपाशी किंवा लाल तापलेल्या धातूवर गेली, तर त्यातून फॉस्जीन हा विषारी वायू तयार होऊ शकतो. म्हणून शेजारी वेल्डिंग चालू असेल तर तो बाहेरच काढू नये. उरलेले रसायन पाण्याच्या बाटलीत भरून घरी आणू नका. लहान मुलाने चुकून घोट घेतला, तर त्याला ओकारी करायला लावू नये, कारण असा द्रव वर येताना फुप्फुसात उतरला तर जास्त घातक ठरतो. तत्काळ रुग्णालयात न्यावे आणि बाटली बरोबर न्यावी. धुतलेले काळे पाणी गटारात न सोडता डब्यात साठवून जळक्या ऑइलबरोबर द्यावे.

ऑइलमध्ये रॉकेल घालण्याचा दुसरा बेतही सोडून द्या. रॉकेलने ऑइल पातळ होते आणि बेअरिंगना आधार देणारा थर तुटतो. याहून मोठा धोका असा, की वर्षानुवर्षे चेंबरच्या कोपऱ्यांत निवांत बसलेला गाळ एकदम सुटतो आणि पंपाच्या तोंडाशी असलेल्या जाळीवर जाऊन बसतो. मग ऑइलचा दाब पडतो, टर्बोला ऑइल मिळत नाही आणि दाबावर चालणारा टायमिंग चेनचा ताण सैल होतो. इंजिन आतून धुण्यासाठी मिळणाऱ्या बाजारातल्या फ्लशच्या बाटलीलाही, एक लाखाच्या पुढे गेलेल्या आणि आतून कसे आहे हे ठाऊक नसलेल्या इंजिनात, मी हेच म्हणेन. ऑइल भरायचे झाकण उघडून आत टॉर्च मारून पाहा. आत तपकिरी-स्वच्छ दिसत असेल तर फ्लशची गरज नाही, आणि जाड काळी साय दिसत असेल तर फ्लश धोक्याचा आहे. दोन्ही परिस्थितींत चांगला उपाय एकच: पुस्तिकेत सांगितलेल्या प्रतीचे ऑइल आणि फिल्टर आता बदलावे आणि पुन्हा ५,००० किलोमीटरवर बदलावे. ऑइलमधले स्वच्छता राखणारे घटक गाळ सावकाश उचलतात, आणि सावकाश उचललेला गाळ फिल्टरमध्ये अडकतो.

काही मेकॅनिक आपल्याला ईजीआरच्या वाटेत पत्र्याची चकती घालून ती कायमची बंद करण्याचा सल्ला देतील. पीयूसी केंद्रावर डिझेल गाडीच्या धुराचा दाटपणा तेवढा मोजतात, नायट्रोजनची ऑक्साइडे मोजत नाहीत, म्हणून अशी गाडी तपासणीत सहज पार होते. तरीही तसे करू नका. गाडी ज्या रचनेत मान्य झाली ती बदलणे नियमाला धरून नाही, आणि ती ऑक्साइडे आपल्याच गावाच्या हवेत, आपल्या विद्यार्थ्यांच्या छातीत जातात.

पेट्रोल गाडी असलेल्या वाचकांसाठी दोन शब्द. ज्या इंजिनात पेट्रोल इनलेट व्हॉल्व्हच्या मागे फवारले जाते, तिथे टाकीतले क्लीनर व्हॉल्व्हलाही धुते, म्हणून तिथे ते खरोखर उपयोगी आहे. ज्या नव्या इंजिनांत पेट्रोल थेट सिलिंडरात जाते, त्यांच्या व्हॉल्व्हना ते कधी लागतच नाही. तिथला थर वाढला, तर मॅनिफोल्ड काढून अक्रोडाच्या कवचाच्या भुकटीचा मारा करून तो काढतात. थ्रॉटल बॉडीच्या फवाऱ्यावर ‘ऑक्सिजन सेन्सरला सुरक्षित’ असे लिहिलेले पाहा, कारण सिलिकॉनचा अंश त्या सेन्सरला निकामी करतो. आणि १ एप्रिल २०२० नंतरच्या भारत स्टेज-६ डिझेल गाड्यांमध्ये सायलेन्सरच्या वाटेत काजळी धरणारा फिल्टर असतो. वरून कोणतेही रसायन सोडण्याआधी ते त्या फिल्टरला चालते का, हे उत्पादकाच्या पुस्तिकेत पाहणे त्यांना अनिवार्य आहे.

परत आपल्या गाडीकडे येतो. सफाईनंतर रोजच्या सहा किलोमीटरांमुळे थर पुन्हा चढू लागेलच, तो आपण मंदावू शकता. सकाळी गाडी दहा मिनिटे उभी ठेवून गरम करू नका, त्याने काजळी वाढते; अर्धा-एक मिनिट थांबून हलक्या पायाने निघावे. बाजारहाट आणि इतर कामे महाविद्यालयातून परततानाच उरकली, तर गरम झालेल्या इंजिनाचा लाभ मिळतो. पंधरवड्यातून एकदा साताऱ्याच्या दिशेने महामार्गावर तीस-चाळीस मिनिटे, इंजिनाचा वेग २,००० ते २,५०० फेऱ्यांच्या दरम्यान ठेवून, वेगमर्यादेत चालवावी. जुने घट्ट झालेले डांबर याने निघणार नाही, पण नवे साचण्याचा वेग कमी होईल.

तेव्हा क्रम असा ठेवा, की या आठवड्यात एअर फिल्टर, होज पाइप आणि स्कॅनर. पाइप फाटलेला निघाला तर तो बदलून आधी पुन्हा घाट चढून पाहा, कदाचित इतर काही करावेच लागणार नाही. ईजीआर अडकत असल्याचे दिसले तर मेस्त्रींकडून खोलून सफाई करून घ्या आणि त्याच वेळी ऑइल बदला. काम झाल्यावर स्कॅनरचे तेच चार आकडे पुन्हा घेऊन जुन्या कागदाशेजारी लिहा. हवा वाढलेली आणि झडप मिटत असलेली दिसूनही खंबाटकीत धूर कायम राहिला, तर इंजेक्टर काढून डिझेल पंपाच्या दुकानात टेस्ट बेंचवर लावायला सांगा, चारही इंजेक्टरांचा परतीचा प्रवाह मोजून घ्या आणि ते दोन्ही कागद मला पाठवा.